अधिक महिन्यातला हँडब्रेक

सोमवार, २४ जुलै. सकाळी कपाट पुढे ओढून मागच्या भिंतीवरची बुरशी पुसत होते. लोणावळ्यात पावसाळाभर हे काम आठवड्याला एकदा करावंच लागतं. टाळलं तर साड्यांना जो वास लागतो तो दिवाळीपर्यंत जात नाही. बुरशी कशाने जाते, हे मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं होतं. एकीने व्हिनेगर सांगितलं, दुसरीने ब्लीचिंग पावडर, आणि तळमजल्यावरच्या काकांनी कपाटाची दिशाच बदलायला सांगितली. व्हिनेगर घरात होतं, म्हणून व्हिनेगर वापरलं.

आमच्याकडे सगळंच असं विचारलं जातं. गिझरला हात लावला की झिणझिण्या येतात, डाळीत जाळी धरते, इन्व्हर्टर मधेच बोंबलायला लागतो, की लगेच ग्रुपवर. उत्तरं पटापट येतात आणि बहुतेक एकमेकांच्या उलट असतात. त्यातलं झेपेल ते एक निवडायचं आणि मोकळं व्हायचं. बुरशीच्या बाबतीत हे चालून जातं.

कपाट जागेवर ढकललं आणि सासूबाईंना गाडीत बसवलं. त्यांचं सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असतं, तळेगावला. त्या जवळच्याच औंढे गावच्या. आयुष्यभर भातशेती केलेली बाई. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यावर नाइलाजाने आमच्याकडे राहायला आल्या. माझा नवरा कंपनीत पहिल्या पाळीला, पहाटेच बसने जातो. मी बंगलेवाल्यांचे पडदे शिवून देते. शिलाई मशीन घरातच, वेळ माझ्या हातातली. म्हणून गाडी चालवण्याचं काम माझं. लोकलने न्यावं तर पुलाच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. चैत्रात औंढ्याला भाच्याचं लग्न होतं म्हणून त्यांनी हट्टाने एक खेप चुकवली होती. पाणी छातीत चढलं. आडवं होता येईना, उशा लावून त्यांना बसवलं होतं आणि प्रत्येक श्वास दुसऱ्या खोलीत ऐकू येत होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पुढच्या वेळी कदाचित इथवर आणायला वेळ मिळणार नाही. तेव्हापासून मी एकही खेप चुकू दिली नव्हती.

गाडी आमची छोटी, जुनी, पण अंगात नाटक नसलेली. त्या सोमवारी मात्र चढावरून काढताना मागून 'कट्' असा आवाज आला आणि एक हिसका बसला. मग ती चालली, पण जड चालली. कोणीतरी मागून पदर धरल्यासारखी. कार्ला फाट्यापाशी जळका वास यायला लागला. काच खाली केली तर पाऊस आत, वर केली तर वास आत. सासूबाई समोर बघत बसल्या होत्या. मी विचारलं, वास येतोय का. त्या म्हणाल्या, ट्रकाचा असंल.

पोचलो, परत आलो. घरी येऊन ग्रुपवर लिहिलं: गाडी जड चालते, जळका वास येतो, काय असेल? काकांनी लिहिलं, क्लच प्लेट गेली. शेजारणीने लिहिलं, त्यांच्या बॉनेटमध्ये उंदराने वायर खाल्ली होती तेव्हा असाच वास यायचा, तंबाखूची पानं ठेवा. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिहिलं, विकून टाका. संध्याकाळी नवरा घरी आला, त्यानेही तेच सांगितलं आणि चहा मागितला.

आदल्या शनिवार-रविवारी लेक आणि जावई आले होते. यंदा श्रावण अधिक आला होता, आणि अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं असतं. तांब्याच्या ताटात अनारसे, वर दिवा, नवे कपडे. सासूबाईंनी बसल्या जागेवरून सगळं करवून घेतलं. अनारशाचं पीठ माझ्याकडून तीनदा मळवलं. अधिकात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण, असं त्या मानतात, नुसतं म्हणत नाहीत. जावई सोलापूरकडचे, हिंजवडीला नोकरी. शांत माणूस. त्यांची स्वतःची गाडी मोठी आणि उंच, सासूबाईंना तिच्यात पाय टाकता येत नाही. म्हणून शनिवारी दुपारी ते आमची गाडी घेऊन त्यांना औंढ्याला फिरवून आले. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. त्यांनी बांधावर छत्री धरून आजीसासूला उभं केलं आणि लावणारणींना लांबून ओरडून सूचना देऊ दिल्या. परत आल्यावर सासूबाई दोन घास जास्त जेवल्या. मलाही बरं वाटलं. रविवारी संध्याकाळी ते दोघं गेले. गाडीचा आणि ह्या सगळ्याचा काही संबंध असेल, असं माझ्या मनात आलं नाही.

मंगळवारी मी गॅरेजवाल्या भाऊंना फोन लावला. हातात कात्री होती, पुढ्यात सोळा फुटी पडदा, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. सासूबाई शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. भाऊंनी नीट विचारपूस केली. वास कसला, रबराचा की कापडाचा? क्लच सोडला की गाडी उचलते का? सुरुवातीला आवाज कुठून आला?

मग त्यांनी विचारलं, "ताई, हँडब्रेक ओढून ठेवला होता का?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न साधा वाटेल. आमच्याकडे पावसाळ्यात हँडब्रेक ओढत नाहीत. चार महिने हवाच ओली असते. एकदा ओढला की मागच्या चाकातले ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, केबल गंजून अडकते, आणि दांडा खाली केला तरी ब्रेक आतून सुटत नाही. म्हणून इथे गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला दगड लावायचा. गाडी शिकतानाच हे शिकवतात.

"भाऊ, मी बारा पावसाळे इथे गाडी चालवलीय," मी म्हणाले. "ह्या घरात पावसाळ्यात हँडब्रेकला कोणी हात लावत नाही."

"मग तो प्रश्नच मिटला," भाऊ म्हणाले. "क्लच प्लेटच असणार."

त्यांच्याकडे पाणी शिरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. गुरुवारी आणा म्हणाले. तोवर हळू चालवा, गिअर जपून टाका, लांब नेऊ नका. तळेगाव लांब आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तळेगावाला काय होतंय.

सासूबाईंनी लसूण सोलणं थांबवलं नव्हतं. फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने म्हणाल्या, "उंद्या न्हाई गेलं तर?"

मी विचारलं, का.

"गाडी बिगाडलीया. एक खेप चुकली म्हून कोन मरत न्हाई."

"चैत्रात मरता मरता राहिलात," मी म्हणाले. त्यांनी लसणाची पुढची पाकळी उचलली. मला वाटलं, कंटाळल्या. त्या सुयांना कोणीही कंटाळेल. पण संध्याकाळी त्यांनी परत तेच काढलं, आणि बुधवारी सकाळी साडी नेसवताना तिसऱ्यांदा. पाय दुखतो म्हणाल्या. पाऊस लय हाय म्हणाल्या. मी नेहमीच्या टॅक्सीवाल्याला फोन केला होता. तो पर्यटकांना घेऊन पवना धरणाकडे गेला होता. स्टँडवर दुसरी गाडी बघायला लावली, तर सकाळी दहाच्या पुढे मिळेल म्हणाले. डायलिसिसच्या मशीनची वेळ दहाची. मग मी आपलीच गाडी काढली. भाऊंनी हळू चालवायला सांगितलं होतं, मी हळू चालवणार होते. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी दाराच्या वरची मूठ धरली. एरवी त्या कधी धरत नाहीत.

वास कार्ल्याच्या आधीच सुरू झाला. कामशेतपर्यंत मी तिसऱ्या गिअरमध्येच होते आणि मागून हॉर्न खात होते. थांबून बघावं असं दोनदा मनात आलं. पण थांबले तर वेळ जाणार, आणि बॉनेट उघडून मला क्लच प्लेट थोडीच दिसणार होती. उतार लागला तसा पुढच्या टँकरने वेग कमी केला. मी ब्रेकवर पाय ठेवला. पाय खाली गेला. खालीच गेला. कापसात दाबावा तसा, आणि गाडीवर त्याचा काही परिणाम नाही.

पुन्हा दाबला, पुन्हा. तिसऱ्यांदा थोडासा धरल्यासारखा वाटला आणि सुटला. टँकरच्या मागच्या पाट्या वाचता येत होत्या. मी दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडलं, डोकी पुढे गेली. टँकर अजून जवळच येत होता. डावीकडे रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग ओतलेला दिसला. पहिला गिअर टाकला आणि स्टिअरिंग तिकडे वळवलं. चाकं ढिगात शिरली, गाडी एका बाजूने वर चढली आणि बंद पडली.

पट्टा सासूबाईंच्या खांद्याला काचला होता. बाकी काही झालं नव्हतं. मी त्यांच्या हातावरची फिस्टुला, डायलिसिसच्या सुया टोचतात ती शीर, आधी तपासली. तिथे धक्का लागला असता तर वेगळंच संकट होतं. ती नीट होती. मग खाली उतरले. मागच्या डाव्या चाकातून धूर येत होता आणि पावसाचे थेंब त्यावर पडून चर्र चर्र वाजत होते. क्लच प्लेट चाकात नसते, एवढं मलाही कळतं.

आत येऊन बसले. ओलीचिंब झाले होते. सासूबाई समोरच बघत होत्या.

"ते मदलं दांडकं," त्या म्हणाल्या. "जावईबापूंनी वर वडलं व्हतं."

"कधी?"

"शनवारी. औंढ्यास्नं आल्यावर. माज्या गुडघ्यापाशीच तर वडलं, कर्रकन. रईवारी निगताना पोरीनं त्यास्नी सांगितलं, हितं वडत न्हाईत म्हून. मग खाली केलं त्यांनी."

म्हणजे रात्र आणि दिवस मिळून गाडी पावसात हँडब्रेकवर उभी होती. लेकीला माहीत होतं. सासूबाईंना माहीत होतं.

"काल भाऊंनी विचारलं तेव्हा तुम्ही शेजारीच होतात," मी म्हणाले.

"व्हते की."

"मग?"

"अधिकात जावयाला बोल लावायचा व्हय? आज ताट दिलं आन् उंद्या म्हनायचं, तुमी आमची गाडी मोडली? लय गुणाचं हाय ते पोरगं. म्हून तर तुला म्हनत व्हते, नको जाऊया."

तेव्हा कळलं की पाय दुखत नव्हता आणि सुयांचा कंटाळाही नव्हता. जावयाचं नाव न घेता मला थांबवायचा तो एकच मार्ग त्यांना सुचला होता, आणि त्यासाठी त्या स्वतःची खेप सोडायला निघाल्या होत्या.

"आणि इथे काही झालं असतं म्हणजे?"

"मला आता काय व्हायचं ऱ्हायलंय."

"मला झालं असतं," मी म्हणाले. "गाडी मी चालवत होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.  दारावरची मूठ अजून धरलेलीच होती. मी ती सोडवली.

तळेगाव अजून पुढेच होतं आणि मशीन कोणासाठी थांबत नाही. रस्त्यावर उभी राहून मी हात करायला लागले. बऱ्याच गाड्या गेल्या. मग पवन मावळातल्या पॉलिहाऊसमधून गुलाबाची खोकी नेणारी एक पिकअप थांबली. चालवणारा पन्नाशीतला माणूस. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

"मावशीला पुडं बसवा," तो म्हणाला. "तुमी मागं फुलांत बसा."

मागे तर जागाच नव्हती. शेवटी तिघंही पुढेच दाटून बसलो. तो वाटेत सासूबाईंना विचारत होता, कुठल्या, कोणाच्यातल्या, आवणी उरकली का. औंढे म्हटल्यावर त्याला तिथली सोयरीक आठवली. सासूबाईंनी नेहमी असते तशी चौकशी केली नाही. व्हय, न्हाई, एवढंच बोलल्या.

पोचलो तेव्हा त्यांच्या मशीनवर दुसऱ्या पेशंटला घेतलं होतं. सिस्टर म्हणाली, आज जमणार नाही, उद्या सकाळी बघू. मी म्हणाले, उद्यापर्यंत चालणार नाही, चैत्रातली फाइल काढून बघा. तिने फाइल काढली नाही, पण सासूबाईंच्या पायावर बोट दाबून पाहिलं. खड्डा पडला आणि लवकर भरला नाही. दुपारच्या पाळीत एक पेशंट येणार नसल्याचा फोन आला तर घेते, म्हणाली. नाही आला तर नाही.

बाकावर बसलो. तिथून मी भाऊंना फोन केला आणि हँडब्रेक ओढला होता असं सांगितलं. 

"मी तुम्हाला विचारलं होतं, ताई."

"मला माहीत नव्हतं."

 केबल अडकून लायनर घासत राहिले, ड्रम तापला, ब्रेक ऑइल उकळलं, म्हणून पाय खाली गेला; एवढं समजावून भाऊ गाडी ओढून आणायची व्यवस्था करतो म्हणाले. कुठे उभी आहे ते विचारलं. मुरमाच्या ढिगात, हे मी दोनदा सांगितलं.

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. मी कोणाचं नाव घेतलं नाही हे त्यांनी पाहिलं, आणि त्यांना धीर आला.

"जावईबापूंना बोलू नको," त्या म्हणाल्या. "अधिक संपूस्तवर तरी नको."

 मी दारावर लक्ष ठेवून होते. प्रत्येक वेळी काउंटरवरचा फोन वाजला की दोघी तिकडे बघायचो. एक वाजून गेल्यावर सिस्टर बाहेर आली आणि नुसता हात हलवला. या म्हणून. सासूबाई उठल्या तेव्हा धाप लागली होती. चार पावलांवरच्या दारापर्यंत त्यांना मध्ये एकदा थांबावं लागलं.

संध्याकाळी टॅक्सीने घरी आलो. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, आईजवळ जाऊन बसला, आणि मग बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाला, झालं ते झालं, जावयाला कशाला सांगायचं, उगाच मनाला लावून घेतील. तेवढ्यात लेकीचा फोन आला. बहुतेक त्यानेच तिला कळवलं होतं. ती रडत होती. मी रविवारीच तुला सांगायला हवं होतं, म्हणाली. पण दांडा खाली केला, गाडी गिअरमध्ये टाकली, दगड लावला, म्हणजे झालं असं तिला वाटलं. मग तीही म्हणाली, "आई, त्यांना सांगू नकोस. घरी यायचे बंद होतील."

तिघांचं एकच म्हणणं. मी भाजी फोडणीला टाकली. तीन दिवसांत मी दहा जणांना गाडीचं विचारलं होतं. तंबाखूच्या पानांपासून विकून टाकण्यापर्यंत सगळं ऐकून घेतलं होतं. ज्यांना खरं माहीत होतं त्या दोघी माझ्याच घरच्या, आणि त्याच गप्प बसल्या होत्या, कारण जावयाचा मान. मान ठेवायला माझी हरकत नाही. अनारशाचं पीठ मीच मळलं होतं. पण परवा पुन्हा शुक्रवार होता, गाडी भाऊंकडे उघडून पडलेली असणार होती, आणि गप्प बसून सासूबाई तळेगावला पोचणार नव्हत्या.

गुरुवारी सकाळी नवरा पाळीवर गेल्यावर मी जावयांना फोन केला. लेकीच्या फोनवर नाही, त्यांच्या. हँडब्रेक, ड्रम, टँकर, मुरमाचा ढीग, बाकावरची दुपार, सगळं क्रमाने सांगितलं. आवाज चढवला नाही आणि मऊही केला नाही. 

शेवटी जावई म्हणाले, "आई, मी रविवारीच हिला विचारलं होतं, घरी सांगू का म्हणून. ही म्हणाली, काही होत नाही."

"पुढच्या वेळी मला विचारा," मी म्हणाले. "उद्या आजींना दहाला तळेगावला न्यायचंय. तुम्ही तुमची गाडी घेऊन या."

"येतो. आठलाच येतो," ते म्हणाले. "पण त्यांना चढता येत नाही ना तिच्यात."

"पायाखाली घ्यायला एक स्टूल आणा. बुटकं, रुंद पायांचं. प्लॅस्टिकचं नको."

स्टुलाची उंची किती हवी ते त्यांनी विचारलं. मी टेप घेऊन आमच्या मोरीतला पाट मोजला आणि सांगितली.

फोन ठेवला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. रागावल्या असतील तर आज जेवायच्या नाहीत, एवढा अंदाज मी बांधला होता.

"येत्यात का?" त्यांनी विचारलं.

"येतायत."

त्या खुर्चीवर बसल्या. पदराने तोंड पुसलं.

"आठाला म्हंजे न्याहारीच्या टायमाला," त्या म्हणाल्या. "मग काय करून घालनार त्यास्नी?"

"पोहे," मी म्हणाले, आणि गॅरेजला निघाले.